सशाच्या झोंपेंतील आवाज : स्वाभाविक कोणते व रोगाचे कोणते

गाय, बैल, शेळी व कोंबडी यांच्या जोडीला हल्ली पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं ससाही दिसूं लागला आहे. कोठें तो मुलांच्या हौसेखातर आठवडी बाजारांतून आणलेला असतो, तर कोठें चार-सहा माद्या ठेवून जोडधंदा म्हणून पाळलेला असतो. गुरांच्या आवाजाचा अर्थ आपणांस पिढ्यानपिढ्यांच्या सहवासानें कळतो. म्हैस कां ओरडते, बैल कां फुरफुरतो, खुडूक कोंबडी कशी कुरकुरते, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. सशाशीं आपला सहवास अजून थोडा आहे. शिवाय तो दिवसभर मुका असतो. आणि रात्रीं घर निजलें म्हणजे त्याच्या पिंजऱ्यांतून कधीं घोरण्याचा, कधीं दांत वाजल्याचा, तर कधीं लहान मुलानें झोंपेंत कण्हावें तसा आवाज येतो. असा आवाज ऐकून कोणी घाबरून त्यास उचलून घेतो, कोणी हंसून कूस बदलतो. निरोगी सशास मध्यरात्रीं उचलून भेदरविणें हें जसें अहितकारक, तसेंच आजारी सशाच्या घरघरीस झोंप समजून सोडून देणें हेंही घातक होय. या दोहोंतील भेद घरच्या घरीं कसा ओळखावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सशाचा स्वभाव

ससा हें दुसऱ्याचें भक्ष्य होणारें जनावर आहे. कळपांतील जो दुबळा दिसेल त्यावर शिकारी प्रथम झडप घालतो; म्हणून दुखणें लपविण्याची वृत्ति या जातीच्या हाडींमासीं खिळलेली आहे. बैल आजारी झाला तर रवंथ थांबवितो, कान पाडतो, वैरणीकडे पाठ फिरवितो, व धनी तें लागलीच जाणतो. ससा मात्र माणसाची चाहूल लागली कीं दुखणें विसरल्यासारखा ताठ बसतो, कान उभारतो, आणि पाहणारास वाटतें कीं सर्व कुशल आहे. दुसऱ्या दिवशीं तोच ससा पिंजऱ्यांत मरून पडलेला सांपडतो, व “काल संध्याकाळपर्यंत चांगला होता हो!” असे उद्गार निघतात. वस्तुतः तो काल संध्याकाळींही चांगला नव्हता. फक्त तें दिसत नव्हतें. विश्रांतीच्या वेळीं, जवळ कोणी नसतांना, हें सोंग टिकत नाहीं. दिवसा दाबून धरलेला त्रास रात्रीं श्वासांतून व दांतांतून बाहेर पडतो. याकरितां रात्रीच्या आवाजाकडे लक्ष देणें हा सशाच्या निगेंतील महत्त्वाचा भाग आहे असें आम्ही समजतों.

सशाची झोंप

ससा व कासव यांच्या गोष्टींतला ससा झाडाखालीं पडून जो एकदा झोंपला तो शर्यत संपेपर्यंत उठला नाहीं. खरा ससा असा झोंपत नाहीं. त्याच्या हालचालीचा काळ पहांटेचा व तिन्हीसांजेचा असतो. भर दुपारीं व रात्रीच्या मधल्या प्रहरीं तो विसावा घेतो. त्याची झोंप सलग नसून लहानलहान डुलक्यांची असते, व त्या सर्वांची बेरीज दिवसरात्र मिळून सुमारें आठ तासांची भरते. ससा उघड्या डोळ्यांनीं झोंपतो अशी जी समजूत आहे ती खोटी नाहीं. ज्या ठिकाणीं त्यास पुरता विश्वास वाटत नाहीं तेथें तो पापण्या न मिटतांच डुलकी घेतो. मग तो झोंपला कीं नाहीं हें ओळखावें कसें? त्याच्या नाकाकडे पाहावें. जागेपणीं सशाचें नाक सारखें फडफडत असतें. झोंप लागली कीं ही फडफड मंदावते व गाढ झोंपेंत थांबते. कानही मागें सैल पडतात.

गाढ झोंपेचा एक विशेष प्रकार आहे. शिकागो येथील ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं १९५३ सालीं माणसांवर प्रयोग करून असें दाखविलें, कीं झोंपेंत मधून मधून बंद पापण्यांखालीं डोळे जलद हालतात, व या अवस्थेंत उठविलेल्या माणसास बहुधा पडलेलें स्वप्न आठवतें. पुढें हीच अवस्था इतर सस्तन प्राण्यांत व सशांतही आढळली. मात्र सदैव भीतीच्या छायेंत वावरणाऱ्या प्राण्यांत ती थोडा वेळ व तुटक तुटक असते. या वेळीं सशाच्या मिशा थरथरतात, पंजे किंचित् आखडतात, शेपटी हालते, आणि एखादा बारीक आवाजही निघतो. ससा काय स्वप्न पाहतो हें सांगण्यास साधन नाहीं. परंतु अशी हालचाल झाल्यावर तो पुन्हां शांत होतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आवाज कोठून येतो

सशाचा श्वास जवळजवळ सर्वस्वीं नाकानें चालतो. घशांतील त्याची रचनाच अशी आहे कीं हवेची वाट नाकाशीं जोडलेली राहते. तोंडानें श्वास घेणें त्यास मोठ्या संकटावांचून जमत नाहीं. बैलाचें नाक चोंदलें तर तो तोंड उघडून वेळ निभावून नेतो, परंतु सशाचें नाक चोंदणें म्हणजे एकुलती एक वाट अडणें होय. दुसरें असें, कीं त्याची छाती शरीराच्या मानानें फारच लहान व पोट मोठें असतें. श्वासाचें बहुतेक काम छाती व पोट यांमधील पडदा करतो. तेव्हां पोट वायूनें फुगलें किंवा चरबीनें भरलें म्हणजे फुप्फुसांस जागा कमी पडते व श्वासास आवाज येतो. तिसरें, त्याचे दांत जन्मभर वाढत राहतात. समोरचे दांत आठवड्यास सुमारें दोन ते तीन मिलिमीटर वाढतात, व भरपूर गवत चावण्यानें सर्वच दांतांची झीज होऊन मेळ राहतो. गवत कमी व दाणा जास्त मिळाला तर दाढा झिजत नाहींत. मग वरच्या दाढांचीं मुळें आंतल्या बाजूस सरकून नाकाची व अश्रूंची वाट दाबतात. नाक, पोट व दांत हीं तीन ठिकाणें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढील वर्णन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

स्वाभाविक आवाज

मंद घोरणें. कुशीवर किंवा पाय पसरून निजलेला ससा कधीं कधीं हलकेंच घोरतो. झोंपेंत घशाचे स्नायु सैल पडतात व अरुंद वाटेनें जाणारी हवा आवाज करते. चपट्या तोंडाच्या बुटक्या जातींत व हॉलंड लॉपसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत नाकाची वाट मुळांतच आंखूड असल्यानें हा प्रकार अधिक आढळतो. मान वळवितांच अगर जाग येतांच आवाज बंद होत असेल, व असें घोरणें पूर्वीपासून एकाच मापाचें असेल, तर चिंतेचें कारण नाहीं. तेंच घोरणें महिन्यागणिक वाढत चाललें व ससाही जड होत चालला, तर तो लठ्ठपणाचा परिणाम समजून दाणा कमी करावा.

दांतांची हलकी किरकिर. मांजर जशी गळ्यांतून घुरघुरते, तसा संतुष्ट ससा दांत हलकेच एकमेकांवर घासून आवाज काढतो. कपाळावरून हात फिरविला असतां किंवा झोंपेच्या काठावर असतां हा आवाज येतो. तो जवळ कान नेल्याशिवाय ऐकूं येत नाहीं, व त्या वेळीं अंग सैल, डोळे अर्धवट मिटलेले व मुद्रा शांत असते.

स्वप्नांतील चींचीं व कण्हणें. वर सांगितलेल्या गाढ झोंपेच्या अवस्थेंत ससा क्षणभर बारीक चींचीं करतो, कुरकुरतो किंवा दचकतो. माणूस झोंपेंत बरळतो त्यांतलाच हा प्रकार होय. तो थोड्याच वेळांत थांबतो. अशा वेळीं त्यास हात लावून उठवूं नये. दचकून मागील पाय जोरानें झाडल्यामुळें सशाच्या पाठीच्या कण्यास इजा झाल्याचीं उदाहरणें आहेत.

चोखल्यासारखा आवाज. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कठीण लेंड्या पिंजऱ्याखालीं दिसतात. मऊ, ओलसर व घोंसासारख्या लेंड्या तो रात्रीं अगर पहांटे वांकून तेथल्या तेथें खाऊन टाकतो. रवंथ न करणाऱ्या या जनावराची चाऱ्यांतील सत्त्व दुसऱ्यांदा घेण्याची ही युक्ति आहे. त्या वेळीं चोखल्यासारखा आवाज येतो, व माहीत नसणारास घास अडकल्याचा भास होतो. ही क्रिया निरोगीपणाचें लक्षण होय.

पाय आपटणें. हा झोंपेंतील आवाज नव्हे, जागेपणींचा आहे. तथापि रात्रीं ऐकूं येतो म्हणून येथें नोंदवितों. मागील पाय जमिनीवर धपकन् आपटणें ही सशाची धोक्याची सूचना आहे. असा आवाज वारंवार आला तर बॅटरी घेऊन अवश्य पाहावें. मांजर, मुंगूस, साप किंवा घूस पिंजऱ्याभोंवतीं फिरत असण्याचा संभव असतो. सशाची किंकाळी ऐकूं आल्यास तर क्षणाचाही विलंब करूं नये. अत्यंत भीति किंवा असह्य वेदना यांवांचून ससा किंकाळी फोडीत नाहीं.

रोगाचे आवाज

जागेपणींही राहणारी घरघर व शिंका. सशाचें पडसें ही साधी बाब नव्हे. त्याचें वारंवार आढळणारें कारण म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा नांवाचा जंतु. लुई पाश्चर यांनीं १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्या ज्या जंतूवर काम केलें तो हाच, व त्यांच्यावरूनच त्यास हें नांव पडलें. आपल्या गाईम्हशींस पावसाळ्याच्या तोंडावर होणारा घटसर्पही याच जातीच्या जंतूपासून होतो. परंतु घटसर्प घडविणारे त्याचे प्रकार निराळे असल्यानें सशाच्या पडशावरून गोठ्याविषयीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पुष्कळ ससे हा जंतु नाकांत बाळगूनही वरून निरोगी दिसतात. कोंदट जागा, लघवीचा उग्र वास, दाटी, प्रवास किंवा हवेंतील एकदम बदल यांमुळें शक्ति कमी झाली कीं तो उचल खातो. मग नाकांतून प्रथम पातळ व पुढें घट्ट पांढुरका स्राव येतो, शिंका येतात आणि रात्रीं नाकांत घरघर होते. ससा पुढील पंजांनीं नाक पुसतो, म्हणून पंजांची आंतली लव चिकटून राठ झाली आहे कीं काय हें पाहावें. नाक पुसून स्वच्छ दिसलें तरी पंजे खोटें बोलत नाहींत. हा रोग शिंकांच्या तुषारांनीं व संसर्गानें एकापासून दुसऱ्यास लागतो व फुप्फुसांपर्यंत उतरल्यास प्राणघातक होतो. अनेक ससे पाळणारांनीं घरघर ऐकूं येणारा ससा त्याच दिवशीं वेगळा ठेवावा, त्याचें भांडें वेगळें करावें व त्यास सर्वांच्या शेवटीं चारा घालावा.

मोठ्यानें दांत खाणें. लहान मूल झोंपेंत दांत खाऊं लागलें कीं त्यास जंत झाले असें आपल्या घरांतील वडील बायका म्हणतात. सशास ही समजूत लावूं नये. तो मोठ्यानें, थांबून थांबून, दूरवर ऐकूं येईल असे दांत खात असेल, पाठ कमानीसारखी करून पाय पोटाखालीं घट्ट घेऊन बसला असेल व डोळे अर्धवट मिटलेले पण मुद्रा ताणलेली असेल, तर त्यास वेदना होत आहेत असें निश्चित समजावें. ही वेदना बहुधा पोटाची अथवा दाढांची असते. सशाचें आंतडें सदैव चालूं राहिलें पाहिजे. तें मंदावलें कीं वायु धरतो, भूक जाते, आणि भूक गेल्यानें आंतडें आणखी मंदावतें. सशास ओकारी होत नसल्यानें पोटांतील वायु व अन्न बाहेर टाकण्याचा तोही मार्ग नाहीं. बारा तासांत ससा कांहीं न खाईल व लेंड्या पडणें थांबेल, तर सकाळ-संध्याकाळ न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिल्यानें पुष्कळ ससे दगावतात.

धाप व तोंडानें श्वास. नाकपुड्या ताणलेल्या, मान पुढें लांबविलेली, नाक वर केलेलें, कुशी भात्यासारख्या हालत आहेत व ससा आडवा न होतां बसूनच झोंपण्याचा प्रयत्न करीत आहे, हें चित्र दिसलें तर तें घोरणें नव्हे. आडवें झाल्यानें श्वास कोंडतो म्हणून तो बसून राहतो. तोंड उघडून श्वास घेऊं लागला तर प्राणावर बेतलें आहे असें समजावें. फुप्फुसाचा दाह, हृदयविकार, व उतारवयाच्या सशांत छातींतील गांठ हीं याचीं कारणें असूं शकतात.

उन्हाळ्यांतील धाप याहून वेगळी ओळखावी. सशास घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटें बाहेर टाकतो. हवा तीस अंश सेंटिग्रेडच्या वर गेली कीं त्यास त्रास होऊं लागतो. मग खानदेशांत व विदर्भांत जेव्हां पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो तेव्हां पत्र्याखालच्या पिंजऱ्यांतील सशाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीं उशिरापर्यंत निवत नाहीं, व श्वासाचा जलद आवाज मध्यरात्रींही चालूं राहतो. अशा सशास लागलीच थंड जागीं हलवावें, कान पाण्यानें ओले करावे, ओल्या गोणपाटाची आडोशी लावून वारा खेळता ठेवावा. त्यास पाण्याच्या बादलींत मात्र बुडवूं नये. तो धक्का त्यास सोसत नाहीं.

घरच्या घरीं परीक्षा

आवाज ऐकूं आला कीं पुढील क्रमानें पाहावें. प्रथम दिवा न लावतां दुरूनच ऐकावें, व आवाज नाकाचा, दांताचा कीं पोटाचा हें ठरवावें. मग ससा कसा बसला अगर निजला आहे तें मंद उजेडांत पाहावें. पसरून निजलेला ससा बहुधा निर्धास्त असतो. मान ताणून बसलेला नसतो. त्यानंतर त्याच्या कुशीची हालचाल पंधरा सेकंद मोजून त्या संख्येस चारांनीं गुणावें. स्वस्थ सशाचे श्वास मिनिटास तीस ते साठ असतात, व झोंपेंत ते खालच्या आंकड्याजवळ असावयास पाहिजेत. हवा थंड असूनही ते साठाच्या पुष्कळ वर असतील तर संशय घ्यावा.

यापुढची परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. सशास हात न लावतां हलकी हांक मारावी, किंवा मूठभर गवत पिंजऱ्याशीं सळसळवावें. झोंपेचा आवाज जाग येतांच जातो. रोगाचा आवाज जागेपणींही राहतो. नाक फडफडूं लागलें, कान उठले व पांच-दहा श्वासांत आवाज नाहींसा झाला, तर त्यास पुन्हां झोंपूं द्यावें. आवाज तसाच राहिला तर सकाळची वाट पाहणें व न पाहणें हें त्याच्या खाण्यावर ठरवावें. पुढें केलेलें गवत त्यानें उत्सुकतेनें खाल्लें, तर सकाळीं पशुवैद्याची गांठ घ्यावी. तोंड फिरविलें व श्वासही कष्टाचा असेल, तर रात्रींच हालचाल करावी.

सकाळीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. रात्रीं घातलेलें गवत किती उरलें, व लेंड्या नेहमींएवढ्या व नेहमींसारख्या गोल आहेत कीं लहान, वेड्यावांकड्या व थोड्या. रात्रीच्या आवाजाचा अर्थ ज्यास लागला नाहीं त्यास तो बहुधा सकाळच्या लेंड्यांवरून लागतो. सध्यां घरोघरीं मोबाइल फोन आहे. त्यावर तो आवाज व सशाची बसण्याची ढब टिपून ठेवावी. दवाखान्यांत नेलेला ससा भीतीनें गप्प बसतो व नेमका तो आवाज करीत नाहीं. अशा वेळीं ही टिपण वैद्यास फार उपयोगी पडते.

निवारा व चारा

रात्रीच्या आवाजांचीं पुष्कळ कारणें पिंजऱ्यांतच असतात, व तीं दूर करण्यास पैसा लागत नाहीं. सशाच्या लघवीपासून अमोनिया वायु सुटतो व तो नाकाचें आंतलें अस्तर जाळतो. आपण उभे राहून वास घेतला तर तो कळत नाहीं. गुडघे टेकून आपलें नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर न्यावें; डोळ्यांस व नाकास झोंबलें तर सशास तें रात्रंदिवस झोंबत आहे असें जाणावें. ओलें अंथरूण रोज काढावें. वारा वरून खेळावा, पण अंगावर झोत येऊं नये. पिंजरा गोठ्यांतील भुसाच्या ढिगाजवळ किंवा चुलीच्या धुराच्या वाटेवर ठेवूं नये. पावसाळ्यांत भिजून बुरसलेला कडबा व धुळीचें गवत यांनीं सशास शिंका सुरूं होतात. तें बैलास चालत नाहीं तर सशास कोठून चालावें? झटकून धूळ काढलेलें, सुवासिक, वाळलेलें गवत हेंच त्याचें मुख्य अन्न समजावें. हराळी व मारवेल हीं त्यास उत्तम. लसूणघास वाढत्या पिलांस व दूध पाजणाऱ्या मादीस द्यावें; पूर्ण वाढलेल्या, काम नसलेल्या सशास तें रोज दिल्यानें फायदा होत नाहीं. दाणा अगदीं थोडा द्यावा. गवतानें दांत झिजतात, आंतडें चालतें व चरबी चढत नाहीं. म्हणजे नाक, दांत व पोट या तिन्ही ठिकाणचा बंदोबस्त एका गवतानें होतो.

काय करूं नये

घरांत शिल्लक राहिलेल्या औषधाच्या गोळ्या सशास देणें हा जीवघेणा प्रकार आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांसारखीं औषधें तोंडावाटें दिलीं असतां सशाच्या आंतड्यांतील उपकारक जंतु मरतात, विषारी जंतु माजतात व ससा मूळ रोगानें नव्हे तर औषधानें मरतो. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांवर लावावयाचें फिप्रोनिल हेंही सशास विषासारखें आहे. माणसाच्या पडशावरील उग्र मलमें त्याच्या नाकाशीं चोळूं नयेत. धाप लागलेल्या सशाच्या तोंडांत काढा, तेल किंवा दूध ओतूं नये. तें फुप्फुसांत जातें. दवाखान्यांत नेतांना हवेशीर खोक्यांत गवत पसरून, सकाळच्या थंड वेळीं न्यावें व उचलतांना मागील भागास हाताचा आधार द्यावा.

पिलांचे आवाज

मादी सुमारें एकतीस दिवसांनीं विते. पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात. त्यांचे डोळे दहाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. मादी त्यांस बहुधा दिवसांतून एकदांच, तेंही चार-पांच मिनिटें, पाजते, व एरवीं घरट्याकडे फिरकत नाहीं. हें पाहून ती निर्दय आहे अशी समजूत करून घेऊं नये. घरट्याकडे शत्रूचें लक्ष जाऊं नये म्हणून ही तिची खबरदारी आहे. पोट भरलेलीं पिलें एकमेकांच्या उबेंत शांत निजतात. झोंपेंत तीं टुणकन् उडाल्यासारखीं हालतात, तें स्वाभाविक आहे. मात्र घरट्यांतून सारखी चींचीं येत असेल, पिलांचीं पोटें खपाटीस गेलीं असतील व कातडीस सुरकुत्या पडल्या असतील, तर तीं उपाशी अथवा गारठलेलीं आहेत. एखादें पिलूं घरट्याबाहेर पडलें असल्यास प्रथम हातांच्या उबेनें गरम करून मग परत ठेवावें.

येथेंच एक सूचना करणें आम्हांस अवश्य वाटतें. हरभऱ्याच्या किंवा उसाच्या शेतांत सांपडणारें लवदार, उघड्या डोळ्यांचें पिलूं हें रानसशाचें असतें. रानससा व पाळीव ससा या जाती निराळ्या आहेत. रानसशाचें पिलूं आईनें टाकलेलें नसतें, लपविलेलें असतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्यास घरीं आणून पाळण्यास मनाई आहे. शिवाय तें घरीं बहुधा जगतही नाहीं. रात्रभर त्याचा आवाज ऐकून मुलांनीं हळहळण्यापेक्षां तें होतें तेथेंच राहूं द्यावें हें उत्तम.

सारांश

मंद घोरणें, हलकी किरकिर, क्षणभर चींचीं करणें व पंजे थरथरणें हे झोंपेचे आवाज व हालचाली होत. जाग येतांच त्या थांबतात. जागेपणींही राहणारी घरघर, मोठ्यानें दांत खाणें, मान ताणून बसणें व तोंडानें श्वास घेणें हीं रोगाचीं लक्षणें होत. त्यांत खाणें व लेंड्या बंद झाल्या तर वेळ दवडूं नये. हा भेद कळण्यास आपल्या सशाचा निरोगी आवाज आधीं ओळखीचा पाहिजे. म्हणून ज्यांच्या घरीं ससा आहे त्यांनीं तो धडधाकट असतांनाच तीन रात्रीं थोडा वेळ त्याच्या पिंजऱ्यापाशीं बसून ऐकावें, श्वास मोजावे व आंकडा वहींत लिहून ठेवावा. हें काम घरांतील मुलांकडे सोंपविलें तरी चालेल. सशावर त्यांचाच जीव अधिक असतो, आणि त्यांचे कानही आपल्यापेक्षां तीक्ष्ण असतात.